बरंय, येतो आता

नगरच्या माणसाला घराबाहेर काढणं अवघड नाही. त्याच्या तोंडून ‘जातो’ काढणं अवघड. तो उठतो, उठता उठता पुन्हा बसतो, अर्धा कप चहा घेतो, दारात चपला शोधतो आणि म्हणतो, “बरंय, येतो.” घरातले म्हणतात, “या.” आणि तो जातो. यात कुणाला काही चमत्कारिक वाटू शकेल, असं बोल्हेगावच्या श्रमसाफल्य कॉलनीत कुणाच्या मनातही आलं नव्हतं. अमृत औटीच्या तर मुळीच नाही, आणि पत्र त्यानेच लिहिलं.

कुठलं पत्र, ते आधी.

कॉलनीच्या नवयुग तरुण मंडळाने एका गणपतीत डीजे लावला नाही. यात तत्त्व वगैरे काही नव्हतं; डीजेवाल्याचा टेम्पो सुप्याजवळ बंद पडला आणि विसर्जन ढोलावर उरकलं. पैसे मात्र उरले. उरलेल्या पैशांवरून मंडळात दोन तट पडायची वेळ आली, तेव्हा बी.एड. करणारी रोहिणी म्हणाली, एखाद्या मुलीच्या शाळेची फी भरू. पुण्यात एक संस्था आहे, ती परदेशातल्या विद्यार्थ्यांना मदतनीस शोधून देते. बाकीचं कुणी ऐकलं नाही, पण ‘परदेशातल्या’ हा शब्द सुनीलने पकडला. सुनीलचं मोबाईलचं दुकान होतं आणि मंडळाचा फ्लेक्सही तोच छापायचा. शेजारच्या मंडळाने त्या वर्षी अनाथाश्रमाला गहू दिला होता. परदेशापुढे गहू म्हणजे काय. ठराव एकमताने पास.

अशा रीतीने आफ्रिकेतल्या मलावी देशात, डेड्झा नावाच्या गावाजवळ राहणारी चिसोमो बांडा ही मुलगी बोल्हेगावची झाली.

संस्थेची अट एकच. फोन नाही, व्हिडिओ नाही. हाताने लिहिलेलं पत्र, तेही नियमित, ‘जेणेकरून आपुलकी निर्माण व्हावी’. पैसे सगळ्यांनी मिळून भरले होते. आपुलकी एकट्या अमृतच्या वाट्याला आली. कारण अक्षर. अमृत नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी तपासायचा आणि नाकारलेल्या मालावर चिठ्ठ्या लावायचा. त्याच्या अक्षरात नाकारलेला मालसुद्धा देखणा दिसे. शिवाय तो सेमी-इंग्रजीत शिकलेला. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. त्यामुळे त्याला ‘फोटोसिंथेसिस’ येई, निरोप घेता येत नसे.


*मसुदा, खोडलेला*

सा. न. वि. वि. (हे इंग्रजीत कसं? वगळू.)

पत्रास कारण की. — “रीझन टू लेटर इज दॅट.” (चांगलं वाटतं.)

इकडील सर्व क्षेम. — “एव्हरीथिंग ऑफ हिअर इज सेफ.” (पोलीस आल्यासारखं वाटतं. राहू दे.)

कळावे, लोभ असावा. — “बी नोन. ग्रीड शुड बी.”


हा शेवटचा मुद्दा रोहिणीने पकडला.

“अमृत, तू त्या मुलीला सांगतोयस की हाव धर.”

“लोभ म्हणजे ग्रीडच ना?”

“हा लोभ वेगळा. हा प्रेमातला लोभ.”

“मग डिक्शनरीत एकच का दिलाय?”

रोहिणीने ते वाक्य खोडलं आणि ती पेपर द्यायला पुण्याला निघून गेली. अमृतचा मान थोडा दुखावला. पण त्याने ठरवलं, आता पुस्तकी लिहायचंच नाही. सरळ, साधं, आपण दारात उभं राहून बोलतो तसं लिहायचं. त्याने नवा कागद घेतला, सगळं पत्र सुवाच्य उतरवलं आणि शेवटी, जिथे लोभ होता तिथे, मनापासून लिहिलं: “ओके देन, वी आर कमिंग नाऊ.” खाली नाव, पत्ता आणि सवयीने मोबाईल नंबर.

तपासून पाहिलं. चूक नव्हती. व्याकरणही बरोबर होतं. एवढं बरोबर वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं असावं.


*पाकीट*

पाकिटावरचा पत्ता सुनीलने लिहिला. पोस्टमन आपलाच मराठी माणूस आहे, त्याला कशाला त्रास, असं म्हणून मराठीत लिहिला: ‘कु. चिसोमो बांडा, मुलींची शाळा, मलावी’. थोड्याच दिवसांत पाकीट परत आलं. त्यावर लाल शाईत शेरा होता: ‘माळीवाडा येथे या नावाची मुलगी आढळून येत नाही.’

म्हणजे कुणीतरी माळीवाडा एसटी स्टँडच्या आसपास बिचाऱ्या चिसोमोला शोधून आलं होतं.

अमृतने पत्ता इंग्रजीत घातला, तळाला ताजा कलम जोडला की तुझं पत्र आधी चुकून आमच्या माळीवाड्याला जाऊन आलं, आमच्या गावातली ती एक जागा आहे, सगळ्या एसटी तिथे थांबतात. आणि पाकीट पुन्हा टाकलं.


*उत्तर*

“प्रिय अमृत आणि मित्रहो,

तुम्ही येताय हे वाचून मी इतकी ओरडले की मला अभ्यासिकेतून बाहेर काढलं. तुम्ही ‘आता’ असं लिहिलंय, पण पत्र यायला बरेच दिवस लागले, म्हणजे तुम्ही वाटेत असाल का? माझ्या आजीने तुमच्यासाठी एक कोंबडा वेगळा काढला आहे. त्याचं नाव आम्ही अमृत ठेवलंय.

वर्गातल्या मुलींचा विश्वास बसत नाही. त्या म्हणतात, भारतात तुझं कुणी नाही, हे पत्र तूच लिहिलंस. मी म्हटलं, ते येतील तेव्हा बघा. आमच्या मुख्याध्यापिका बक्षीस समारंभात तुमच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्च्या ठेवणार आहेत. किती ठेवू?

तुमची चिसोमो.”

अमृतने पत्र दोनदा वाचलं. मग त्याने गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. औटींच्या घरात तीन पिढ्यांत कुणी अंडं घातलेला केकसुद्धा खाल्लेला नव्हता, आणि आफ्रिकेत त्याच्या नावाचा कोंबडा दाणे टिपत होता.


*मंडळाच्या तातडीच्या बैठकीचं इतिवृत्त*
*(लेखक सुनील, म्हणून भाषा त्याची)*

अध्यक्ष अमृत. हजर रोहिणी, मी. बाकीचे मॅच बघत होते.

विषय १. आपण मलावीला जाणार आहोत असं समजलं. कोण म्हणालं असं रोहिणीने विचारलं. अमृत म्हणाला मी. का म्हणालास. तो म्हणाला मी येतो म्हणालो. रोहिणी डोक्याला हात लावून बसली.

विषय २. मी सूचना मांडली की लिहून टाका, कॅन्सल. रोहिणी म्हणाली मग ती पोरगी सगळ्या वर्गात खोटी पडेल. अमृतचा चेहरा मालावर रिजेक्टची चिठ्ठी लागल्यासारखा झाला.

विषय ३. तिकीट किती असतं ते मी मोबाईलवर बघून सांगितलं. रोहिणीने मोबाईल हातातून घेऊन आकडा पुन्हा बघितला, तेवढाच निघाला.

विषय ४. अमृत उठून म्हणाला, शब्द मी दिलाय, मंडळाने नाही. एकटा जाईन, पैशाचं माझं मी बघेन, पण जाईन. ठराव नको.

विषय ५. खुर्च्या किती ते कळवायचं राहिलं.


*सल्ले*

बातमी कॉलनीत पसरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. आई म्हणाली, “आफ्रिकेला जा, पण आधी लग्न कर, नंतर कोण देणार?” वडिलांनी भिंतीवरच्या नकाशात बोटाने समुद्र ओलांडून पाहिला आणि “लांब आहे,” एवढंच म्हणाले. कारखान्यात रजेचा अर्ज दिला तर साहेबांनी घाईत वाचला. “मनाली? जा की. पण ऑडिट झाल्यावर.” अमृतने मलावी म्हणून सांगितलं. “तेच म्हणतोय मी. स्वेटर ने.”

शेजारच्या भीमाबाईंचं मत वेगळं होतं. त्या पाथर्डीकडच्या, दोन घरं सोडून राहायच्या, आणि गिरणीवर पीठ आणायला जाताना कॉलनीच्या सगळ्या प्रश्नांचा निकाल लावत.

“येतो म्हनलास ना तू?”

“म्हणालो मावशी, पण ते तसं नव्हतं.”

“कसं बी असू दे. म्हनलास. मंग जा की.”

“मावशी, आपण रोजच म्हणतो. तुम्ही आमच्या घरून निघताना काय म्हणता?”

“येते म्हनते.”

“आणि?”

“आन येतेच की दुसऱ्या दिवशी. तुजी आई साक्षीला हाय.”

हे खरं होतं. भीमाबाई एकदाही चुकल्या नव्हत्या.

मग रामहरी काका. तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. सरकारी कागद बघितला की त्यांच्या चेहऱ्यावर नातवाला बघितल्यासारखं हसू येई. अमृत पासपोर्टचा अर्ज घेऊन गेला तेव्हा त्यांनी चष्मा पुसला, कागदपत्रं पत्त्यांसारखी पसरली आणि हळूहळू मान हलवू लागले.

“आधारवर तू अमरत आहेस.”

“ते त्यांनी चुकीचं टाकलंय.”

“पॅनवर अम्रित. दहावीच्या प्रमाणपत्रावर अमृत. म्हणजे घरात तीन माणसं झाली. यातला जाणार कोण?”

“काका, मीच.”

“ते मला माहीत आहे. त्यांना कसं कळणार? बरं, हे ठीक आहे, प्रतिज्ञापत्र करू. आता जन्म. तू जन्मलास कुठं?”

“इथंच. सिव्हिल हॉस्पिटलला.”

“इथं म्हणजे कुठल्या इथं?” काकांनी आवाज खाली आणला. “दाखल्यावर जिल्हा अहमदनगर. तू जन्मलास त्या जिल्ह्यात आता कुणी राहत नाही. आणि तू राहतोस त्या अहिल्यानगर जिल्ह्यात तुझ्या वयाचा एकही माणूस जन्मलेला नाही.”

अमृतला क्षणभर आपण अस्तित्वातच नसल्यासारखं वाटलं. चिसोमोच्या वर्गातल्या मुलींचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं.

पण तो मागे हटला नाही, हे सांगायला हवं. आधार दुरुस्तीच्या रांगेत त्याने पाळी सोडली नाही. बोटांचे ठसे उमटेनात, कारण कारखान्यातल्या तेलाने बोटं गुळगुळीत झाली होती. त्याने खडबडीत दगडावर हात घासून पुन्हा रांग धरली. प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं की अमरत, अम्रित आणि अमृत हे तिघे एकच असून त्यांच्यात कसलाही वाद नाही. यातच पावसाळा गेला.

मधल्या काळात चिसोमोचं आणखी एक पत्र आलं.

“अमृत आता बराच जाड झाला आहे. सकाळी सगळ्यांच्या आधी ओरडतो आणि कुणाचं ऐकत नाही. आजी म्हणते, पाहुणे लवकर आले तर बरं, नाहीतर अमृत शिजणार नाही.”

सुनीलने हे पत्र मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पुढे बरेच दिवस अमृत दिसला की कुणीतरी आरवायचं.


*पडताळणी*

पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन चौकशी करतात. हवालदार आले तेव्हा अमृत कामावर आणि आई भाजीला. हवालदारांनी शेजारी विचारायचं ठरवलं. शेजारी म्हणजे भीमाबाई.

“इथं अमृत औटी राहतो का?”

“ऱ्हातो.”

“कसा आहे?”

“उंच हाय.”

“वागायला कसा आहे, मावशी?”

“गुनी पोरगं हाय. बिडी न्हाई, काडी न्हाई. पन साहेब, तुमाला खोटं कशाला सांगू. मागं म्हनला, मावशी, तुमची गॅसची टाकी चढवून द्यायला येतो. अजून यायचाय.”

हवालदार हसले. कागद मिटला. “बरं, तो घरी असेल तेव्हा सही घ्यायला लागेल. येतो मी उद्या-परवा,” म्हणाले आणि गेले.

अमृतला संध्याकाळी हे कळलं. आधी तो गेला आणि भीमाबाईंची टाकी चढवली. मग त्याने रजा काढली आणि हवालदारांची वाट बघत घरी बसला.

उद्या गेला. परवाही गेला. आईने रोज चहाचं आधण जास्तीचं ठेवलं. चांगल्या कपबशा काढून ठेवल्या, त्यांवर जाळीचा रुमाल टाकला. मोटारसायकलचा आवाज आला की अमृत दारात. दूधवाला निघे. कुरिअरवाला निघे. एकदा तर नुसताच वारा होता.

“येतो म्हणाले होते ना?” तो आईला पुन्हा पुन्हा विचारी.

“अरे, म्हणाले असतील. म्हणायची पद्धत असते.”

अमृत कपबशांकडे बघत राहिला. जाळीच्या रुमालाखाली त्या पाहुण्यांची वाट बघत होत्या. मग त्याच्या डोळ्यांपुढे कुठल्याशा लांबच्या शाळेतली पहिली रांग आली, आणि तिथल्या खुर्च्या.

त्याने चहा एकट्याने प्यायला. टेबलाशी बसला. पासपोर्ट समारंभाआधी मिळणार नाही, हे आता लहान मुलालाही कळलं असतं. त्याने कागद ओढला.


*हे पत्र रोहिणीने तपासलं नाही*

“प्रिय चिसोमो,

आम्ही येणार नाही. चूक माझी आहे आणि ती इंग्रजीची चूक नाही.

आमच्याकडे निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. लहानपणी मी एकदा म्हणालो होतो तर आजीने दारातून परत बोलावून बसवलं आणि पुन्हा म्हणायला लावलं. जातो म्हणणारा माणूस परत येत नाही, असं आमच्याकडे धरतात. म्हणून आम्ही ‘येतो’ म्हणतो आणि निघतो. पत्राच्या शेवटी मी तेच लिहिलं होतं. त्याचा अर्थ एवढाच होता की मी आता उठतोय, पण आपलं संपलेलं नाही.

तू खरी होतीस. हे पत्र वर्गात वाचून दाखव. खोटं कुणी बोललंच असेल तर ते मी, आणि मीही नाही, आमची भाषा.

मी पासपोर्ट काढतोय. तो थांबवणार नाही. कोंबडा मात्र माझ्यासाठी कापायला ठेवू नका, कारण मी तुळशीची माळ घातलेली आहे आणि मला कोंबडा चालत नाही. हेही मी आधी सांगायला हवं होतं.

येतो.

अमृत.”

‘येतो’ त्याने या वेळी मराठीतच लिहिलं. मोठ्या, सुवाच्य अक्षरात. त्याच्या कुठल्याही चिठ्ठीवर इतकं नीट अक्षर आलं नव्हतं. पाकीट टाकून आला आणि पुढे कितीतरी दिवस पोस्टमनची नजर टाळत राहिला.

हवालदार नंतर एकदा आले. सही घेतली, चहा घेतला, “येतो” म्हणाले. या वेळी घरातल्या कुणीच वाट बघितली नाही. आणि एके दिवशी पासपोर्ट आला. आत फोटोत अमृत असा दिसत होता, जणू त्याच्याकडे कुणीतरी कोंबडा रोखून धरलाय.

पाठोपाठ पत्रही आलं. फारच लहान.

“पत्र वाचून दाखवलं. आमच्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, असं खोटं कुणी मुद्दाम रचू शकत नाही, म्हणजे हे लोक नक्की आहेत. आता तास संपला की सगळा वर्ग ‘येतो’ म्हणून बाहेर पडतो. अमृतला आजीने सोडून दिलं. तो माळ न घालताच वाचला. येतो. चिसोमो.”

खाली तो शब्द तिने अमृतचं अक्षर बघून गिरवला होता. मात्रा थोडी लांब पडली होती, ‘त’ची काडी वाकडी. मंडळाच्या खोलीत ते पत्र काचेत घालून टांगलं. रोहिणीने सुचवलं म्हणून पुढच्या पत्रात अमृतने तिला व्याकरण कळवलं: मुलगा येतो, मुलगी येते. तू ‘येते’ लिही. क्वालिटीच्या माणसाला चूक दिसली की राहवत नाही.

त्यानंतर तिचं प्रत्येक पत्र तसंच संपू लागलं. “ओके देन, आय ॲम कमिंग. येते.” मंडळाला त्यात फार गंमत वाटे. चिसोमोने शेवटची परीक्षा दिली, पास झाली, आणि मग एक चिठ्ठी आली, तीत दुसरं जवळजवळ काहीच नव्हतं: “माझ्या मोठ्या पत्रात सगळं लिहिलं आहेच. मला फार आनंद झाला आहे. आय ॲम कमिंग. येते.”

मोठं पत्र आलं नव्हतं. कदाचित ते माळीवाड्यात कुणाला शोधत असेल.

“किती छान शिकली,” रोहिणी म्हणाली.

“आता अस्सल नगरची झाली,” सुनील म्हणाला. “म्हणते येते, आणि यायचं नाव नाही.”

चिठ्ठीही काचेत गेली.


*सुट्टीचा दिवस*

सुट्टी होती. अमृतने डोक्याला तेल चोपडलं होतं, आईला चतुर्थीचा उपास होता, घरात साबुदाण्याशिवाय काही नव्हतं. अनोळखी नंबरवरून फोन आला.

“अमृत?”

“येस.”

“आय हॅव कम.”

“हू इज स्पीकिंग?”

“चिसोमो. आय ॲम ॲट माळीवाडा.”

अमृत उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला. त्याच्या सेमी-इंग्रजीतलं एकही वाक्य जागेवर सापडेना. शेवटी तो म्हणाला, “का?”

मोठं पत्र न आल्यामुळे जे कळलं नव्हतं ते एवढंच होतं: तिला भारतात शिकायची शिष्यवृत्ती मिळाली होती, पुण्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता, आणि पहिल्या सुट्टीला ती एसटीत बसली होती. कंडक्टरने कुठे जायचं विचारल्यावर तिला नगरमधली एकच जागा नावाने ठाऊक होती.

अमृत तेलकट डोक्याने, सुनील दुकानाला अर्धं शटर लावून आणि रोहिणी तिच्या स्कूटीवरून, असे तिघे स्टँडवर पोचले. चिसोमो बाकावर बसली होती, मांडीवर पिशवी धरून. भोवती नगरकर जमले होते आणि प्रत्येक जण तिला वेगळी गाडी दाखवत होता. एक शिर्डीची, एक शनिशिंगणापूरची. एक आजोबा तर तिला स्वतः नेऊन बसवायच्या तयारीत होते.

“नो शिर्डी,” ती शांतपणे सांगत होती. “अमृत.”

अमृत गर्दी सारून पुढे गेला. तिने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

“यू आर अमृत?”

“येस.”

“यू आर व्हेरी थिन,” ती म्हणाली. तिला दुसऱ्या अमृतची सवय होती.

घरी नेलं तर आई कानकोंडी झाली. पोरगी समुद्र ओलांडून आलेली आणि ताटात उपासाची खिचडी. वर्षभर जिच्याकडे पाहुण्यांसाठी कोंबडा राखलेला होता, तिच्यापुढे ठेवायला या घरात धड पोळीही नव्हती. आणि तिने कळवलं नव्हतं असंही म्हणता येईना; प्रत्येक पत्रात कळवलं होतं. भीमाबाई झाकलेली परात घेऊन आल्या. परातीत गरम भाकरी, पिठलं, ठेचा.

“खा, लेकरा. इतक्या लांबून एकटी आलीस. आन ह्ये आमचं, टाकी चढवायला बी सालभर लावतंय.”

चिसोमोने पिठल्याचा घास भाकरीत धरला, तोंडात टाकला, आणि भीमाबाईंचा हात धरून काहीतरी स्वतःच्या भाषेत म्हणाली. भीमाबाईंनी मान डोलावली. “तिची आजी बी असंच करती म्हनं.” त्यांना हे कसं कळलं, कुणी विचारलं नाही.

मग चिसोमोने मोबाईल काढला. बक्षीस समारंभाचा फोटो होता, अमृतचं ‘येणार नाही’चं पत्र पोचायच्या आधीचा. पहिल्या रांगेत रिकाम्या खुर्च्या, प्रत्येकीवर कागदाच्या फुलांचा हार. एका खुर्चीवर एक गलेलठ्ठ कोंबडा, कॅमेऱ्याकडे रोखून बघणारा.

कुणी आरवलं नाही. सुनीलने सुद्धा नाही.

“त्या मुली अजून म्हणतात, नक्की आहेत म्हणजे बघितलेत का?” चिसोमो म्हणाली. “मला फोटो पाहिजे.”

सुनील मंडळाच्या खोलीकडे पळाला आणि डोक्यावर प्लास्टिकच्या खुर्च्यांची चवड घेऊन आला. कॉलनीच्या रस्त्यावर एका रांगेत मांडल्या. अमृत, रोहिणी, सुनील बसले, भीमाबाई परात घेऊन बसल्या, रामहरी काका बोलावलं नसताना इस्त्रीचा सदरा घालून मधे बसले. जेवढ्या आणल्या त्या सगळ्या भरल्या. एकही रिकामी राहू द्यायची नाही म्हणून शेवटी आईला उपासाची उठवून बसवलं. चिसोमोने फोटो काढला, नीट बघितला, आणि तिथेच उभी राहून पाठवून दिला. मग तिने खूप मोठा श्वास सोडला.


*एसटी*

संध्याकाळी पुण्याची गाडी लागली. चिसोमो पायरीवर चढली, वळली, आणि अमृतने पत्रात कळवलं होतं त्या व्याकरणाप्रमाणे, मात्रा जरा लांबवत म्हणाली, “बरंय. येते.”

“ये,” अमृत म्हणाला.

कंडक्टर दारात उभा. त्याने दोघांकडे आळीपाळीने बघितलं. “ताई, येता की जाता? एक काहीतरी करा, गाडी लेट होतेय.”

“येते म्हणाली म्हणजे निघाली,” रोहिणीने सांगितलं.

“मग तुम्ही ‘ये’ कशाला म्हणता? उतरेल ना ती.”

गाडी सुरू झाली. अमृत खिडकीबरोबर चालू लागला. खिशात पासपोर्ट होता. निघताना का उचलला ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. काचेला हात लावून तो म्हणाला, “आजीला सांग, येतो.”

चिसोमोने काच सरकवली. चेहरा गंभीर. आता ती फसणार नव्हती.

“कुठला येतो?” तिने विचारलं. “निघायचा, की यायचा?”

अमृत चालायचा थांबला. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. त्याने पासपोर्ट वर काढून तिला दिसेल असा धरला.

“यायचा,” तो म्हणाला. “कोंबड्याला सांग.”